सकाळी निवळलेलं पाणी

१

अकरावी गाय मंगळवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला गेली. दोन दिवस ती डावीकडे वळून स्वतःभोवतीच फिरत होती. एक कान लोंबत होता, तोंडातला घास तोंडातच राहत होता. शेवटी पाय मुडपून बसली ती उठलीच नाही. तिच्या मानेखाली कोणीतरी पोत्याची घडी सारून ठेवली होती.

गुरांचे डॉक्टर गुडघ्यावर बसले, तिची पापणी उचलून पाहिली आणि हात पुसत उठले. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर हा रोग ओळखायला त्यांना पुस्तक लागत नव्हतं. मेंदूला सूज आणणारा हा जंतू बिघडलेल्या मुरघासातून येतो. हिरवा चारा कापायचा, खड्ड्यात दाबून भरायचा, वर प्लास्टिक अंथरून हवा बंद करायची. मग आंबवणारे जिवाणू त्याला आंबट करतात आणि त्या आंबटपणावर तो वर्षभर टिकतो. आंबला नाही तर सडतो, आणि सडक्या चाऱ्यात हा जंतू मुक्काम ठोकतो. रोग कळला होता. चारा का आंबला नाही, एवढंच कळायचं होतं.

डेअरीचे व्यवस्थापक गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते.

"शुक्रवारी संचालकांची बैठक आहे, डॉक्टर. त्याआधी मला अहवाल हवा आणि अहवालात एक नाव हवं."

"कोणाचं?"

"ते तुम्ही शोधायचं. पण शोधण्यासारखं आहे काय त्यात? जिवाणू बनवतं कोण इथे?"

जिवाणू बनवणाऱ्या बाईंना सगळे विरजणबाई म्हणत. आवाराच्या टोकाला दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत त्या आंबवणारे जिवाणू वाढवत, वाळवून त्यांची पावडर करत आणि पाकिटं भरत. मागच्याच दोन खोल्यांत त्या म्हाताऱ्या आईला घेऊन राहत. अहवालात त्यांचं नाव आलं तर नोकरी जाणार, घर जाणार, वर पोलिसांत तक्रार होणार. आणि अकरा गायींचा ठपका घेतलेल्या बाईला पुन्हा कोणती प्रयोगशाळा दारात उभं करणार?

"शुक्रवारपर्यंत कोणाला काही बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि आधी मला सगळे खड्डे उघडून दाखवा."

सहा खड्डे होते. पहिल्याचं प्लास्टिक उचललं आणि माणसं दोन पावलं मागे सरकली. सडक्या लोण्यासारखा वास, आत काळपट चिकट लगदा. दुसरा उघडला तर सोनेरी, आंबटगोड वासाचा, एक नंबर मुरघास. तिसरा सडलेला. चौथा उत्तम. पाचवा सडलेला. सहावा उत्तम.

एकाच शेतातला लसूणघास, एकाच आठवड्यात कापलेला, एकाच बाईंची पाकिटं. तरी एक सोडून एक खड्डा मेला होता.

२

खरं तर अपराधी लोकांनी केव्हाच ठरवला असता. हे खड्डे दोन माणसं भरत. एक होता उद्याबुवा. आजचं काम उद्यावर टाकण्यात त्याचा हात धरणारा आवारात कोणी नव्हता, म्हणून ते नाव. दुसरे नेमकेकाका. एका जुन्या व्यवस्थापकाने त्यांना एकदा सांगितलं होतं की जाताना मधल्या वाटेवरचा दिवा बंद करत जा. तो व्यवस्थापक जाऊन अठरा वर्षं झाली. दिवा आता आपोआप बंद होतो. तरी काका रोज संध्याकाळी त्या जुन्या बटणाला हात लावल्याशिवाय घरी जात नसत. लोक हसत, पण खड्डा काकांनीच भरावा असं प्रत्येकाला वाटे.

आणि गाडी अडली ती नेमकी इथेच. सडलेले तिन्ही खड्डे काकांचे होते. उत्तम निघालेले तिन्ही उद्याबुवाचे.

उद्याबुवा स्वतःच गोंधळला होता. "डॉक्टर, मला धरून काय मिळणार? माझ्या चार नंबरच्या प्लास्टिकला हातभर भोक होतं. उद्या चिकटवू, उद्या चिकटवू म्हणता म्हणता राहून गेलं."

"आणि पाकीट कसं वापरतोस?"

"फाडायचं, पाण्यात ओतायचं, ढवळायचं, पंपात भरून चाऱ्यावर मारायचं. आधी भिजत बिजत कोण घालतं? तेवढा उरक असता तर काय हवं होतं!"

"पंप धुतोस?"

उद्याबुवाने आकाशाकडे पाहिलं. ते उत्तर पुरेसं होतं.

काका त्यांच्या पत्र्याच्या खोलीबाहेर दगडावर बसले होते. डॉक्टरांना पाहताच उठून उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी पावडरचं यंत्र ऐन हंगामात बंद पडलं होतं आणि पाकिटं अपुरी पडली होती. तो आठवडा डॉक्टर इथेच होते. इकडे पळ, तिकडे पळ करून त्यांनी खड्डे वाचवायला हातभार लावला होता. तेव्हापासून काका त्यांचा शब्द खाली पडू देत नसत.

"अकरावीच्या मानेखाली पोतं तुम्ही ठेवलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"अकराही जणींच्या, साहेब. मान टेकवायला त्रास होत होता त्यांना." काकांचा आवाज खरवडल्यासारखा निघाला. "माझ्या हातून काय चुकलं, तेवढं सांगा. चारा तुडवला तो टाच रुतेना इतका. प्लास्टिकवर वाळूच्या गोण्या खेटून लावल्या. मुंगी शिरायची नाही."

"आणि पाकीट?"

"ते आदल्या संध्याकाळी साखरपाण्यात भिजत घालतो. म्हणजे जिवाणू जागे होतात. संध्याकाळी निजायच्या आधी बघावं तर पाणी गढूळ, ताकासारखं. आणि सकाळी कसं निवळशंख! गाळ खाली, वर तळ दिसेल असं पाणी. मग ते पंपात भरतो."

"नेहमीच असं करता?"

"जसं सांगितलंय तसंच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

"कोणी सांगितलंय?"

काकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. इतक्या दुःखातही त्यांच्या ओठांवर जरासं हसू आलं. "जाणत्या माणसाने, साहेब."

जाणतं माणूस म्हणजे विरजणबाईच असणार, असं डॉक्टरांनी धरलं. त्यांनी वहीत तसं टिपलं आणि ते प्रयोगशाळेकडे निघाले. दार आतून बंद होतं. खिडकीतून पाहिलं तर बाई पाकिटांचं एक खोकं घाईघाईने टेबलाखाली ढकलत होत्या.

३

"लपवताय काय?" दार उघडताच डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी कांगावा केला नाही. खुर्चीवर बसल्या आणि खोकं स्वतःच वर काढलं.

"हंगामाच्या आधी फ्रिज दोन दिवस बंद पडला होता, सर. मी कोणाला बोलले नाही. व्यवस्थापक साहेबांना ही खोली बंद करून पाकिटं बाहेरून आणायची आहेत, त्यांना आयतं निमित्त मिळालं असतं. ही त्याच खेपेची पाकिटं आहेत. मेलेली असतील तर अकरा गायी माझ्याच." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आई विचारते, तू आजकाल जेवत का नाहीस. तिला काय सांगू?"

"तिला नंतर सांगू. आधी पाकिटाला विचारू."

एक पाकीट फोडलं. चिमूट चिमूट पावडर साखरपाण्याच्या आठ-दहा नळ्यांत टाकली आणि नळ्या कोमट पेटीत ठेवल्या. संध्याकाळी पाणी गढुळलं, बुधवारी सकाळी दुधाळ झालं, लिटमसचा कागद बुडवून पाहिला तर चांगलं आंबट. बाईंनी एक नळी उजेडात धरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. जिवाणू जिवंत होते. दोन दिवसांच्या उकाड्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे पाकिटातून निघालेले जिवाणू खड्ड्यात पोचेपर्यंत मधेच कोणीतरी मारत होतं.

बाईंनी तीन नंबरच्या खड्ड्यातला काळा रस आणला. इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही जिवाणू पलीकडे जाणार नाही. खाली स्वच्छ पिवळसर पाणी उतरलं. त्याचा एक थेंब त्यांनी एका दुधाळ नळीत सोडला. उद्याबुवाच्या चांगल्या खड्ड्यातल्या रसाचा थेंब दुसऱ्या नळीत सोडला.

दुपारी दुसरी नळी होती तशीच दुधाळ होती. पहिलीतलं पाणी मात्र आरपार दिसत होतं. तळाला चिमूटभर गाळ होता, बस्स.

तेवढ्यात व्यवस्थापक आले. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या आणि भिंतीजवळच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटात जंतुनाशकाच्या बाटल्या रांगेने उभ्या होत्या.

"म्हणजे विष घातलं कोणीतरी," ते थंडपणे म्हणाले. "आणि जिवाणू मारायचं विष या आवारात एकाच खोलीत असतं. किल्ली कोणाकडे असते, बाई?"

बाईंचा हात कमरेकडे गेला. किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "विष असेल तर ते पातळ केलं की कमजोर पडेल. बाई, या निवळलेल्या नळीतला एक थेंब नव्या दुधाळ नळीत टाका. ती निवळली तर तिच्यातला थेंब तिसरीत. असं करत जा. पाचव्या नळीपर्यंत विषाचं नावनिशाण उरता कामा नये."

गुरुवारी सकाळी पाचवी नळी खिडकीत उभी होती. तिच्यातूनही पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

बाई पुटपुटल्या, "हे कमी होत नाही, सर. हे वाढतंय."

"हो. म्हणजे हे विष नाही, हा विषाणू आहे," डॉक्टर म्हणाले. "माणसाला नाही, गायीला नाही, फक्त जिवाणूला धरणारा. जिवाणूच्या आत शिरतो, आतल्या आत शंभर होतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. बाईमाणसाला काय, गड्याला काय, हा कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. जिवाणूंच्या गर्दीनेच पाणी गढूळ दिसतं. गर्दी मेली की पाणी..."

ते बोलता बोलता थांबले. त्यांच्या कानात कोणीतरी मोठ्या अभिमानाने म्हणत होतं, आणि सकाळी कसं निवळशंख!

४

काका खोलीत पंपाची नळी पुसत होते. डॉक्टर थेट आत शिरले. दाराजवळ भिजवायचा हंडा, खुंटीला पंप, कोनाड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काचेची बरणी. फडकं बाजूला केलं. बरणीत निवळ पाणी होतं.

"हे काय, काका?"

"विरजण, साहेब."

"कसलं?"

"जिवाणूंचं. रोज नवं पाकीट भिजवलं की यातलं पळीभर घालायचं, आणि सकाळी तयार झालेल्यातलं पळीभर परत यात काढून ठेवायचं. हंगाम संपला की बरणी थंड कोठीत जाते. पुढच्या वर्षी तीच पुन्हा." काकांनी बरणीकडे मायेने पाहिलं. "तीन वर्षं झाली. हंगामात एक दिवस खंड नाही."

डॉक्टरांना सगळं एका दमात दिसलं. पहिल्या वर्षी या बरणीत नुसते जिवाणू होते. मग कधीतरी, कुठल्या तरी पानावरून, एखादा विषाणू आत आला. पळीभर पळीभर करत तो रोज पुढे गेला आणि रोज त्याला काकांनी जागे केलेले ताजे जिवाणू मिळाले. बाई दर वर्षी एकाच जातीचे जिवाणू वाढवत, म्हणून त्याचं ताट कधी रिकामं राहिलं नाही. या वर्षी तो इतका झाला की रात्रीतून हंडाच्या हंडा साफ करू लागला. मका असता तर आपल्या आपण आंबलाही असता. लसूणघासाला गोडवा कमी, त्याला जिवाणूंचा आधार लागतोच. काका नेमाने त्याच्यावर मेलेलं पाणी मारत राहिले. उद्याबुवाने ना काही भिजवलं ना जपून ठेवलं, म्हणून त्याच्या आळसाने त्याचे खड्डे वाचले.

"काका, असं करायला तुम्हाला बाईंनी सांगितलं?"

"बाईंनी? छे! त्यांना तर माहीतही नाही." काका हसू लागले आणि डॉक्टरांचा चेहरा पाहून मधेच थांबले. "साहेब, माझी परीक्षा बघताय का? परवाही विचारलंत. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

काका आठवण करून देऊ लागले.

"त्या वर्षी पाकिटं संपत आली होती. पाच नंबरच्या कडेला तुम्ही चहा घेत उभे होता. मी विचारलं, एका पाकिटात दोन दिवस कसे काढू? तुम्ही म्हणालात, विरजणच आहे हे, काका. जुन्यातलं पळीभर नव्यात घालत जा, चालेल."

डॉक्टरांना चहा आठवला. घाई आठवली, गाडीची किल्ली शोधत होतो तेही आठवलं. वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच होतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका आली नाही. त्या दोन दिवसांपुरता सल्ला काही वाईटही नव्हता. फक्त दोन दिवसांपुरता, हे शब्द ते बोलले नव्हते. आणि सांगितलेलं सोडून देणं हे काकांच्या रक्तात नव्हतं.

ते हंड्याजवळच्या पाटावर बसले आणि काकांना सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, सोपं करायच्या नादात खोटंही बोलले नाहीत. काका उभ्यानेच ऐकत होते. शेवटी त्यांनी बरणी उचलली, उजेडात धरली आणि बराच वेळ तिच्यातून पलीकडे पाहत राहिले.

"म्हणजे मीच घातलं त्यांच्या तोंडात."

"आपण दोघांनी, काका."

"मी पोतं ठेवत होतो मानेखाली," काका म्हणाले आणि मटकन खाली बसले. म्हातारा माणूस रडतो तेव्हा त्याला सावरायलाही हात पुढे होत नाही. डॉक्टर नुसते शेजारी बसून राहिले.

बऱ्याच वेळाने काकांनी डोळे पुसले. "माझं नाव लिहा, साहेब. दोन महिन्यांत मी घरी बसणारच आहे. मला कोण विचारतंय? पण त्या बाईला मोकळी करा, आणि तुमचं नाव मधे आणू नका. मी कोणाला सांगायचो नाही."

डॉक्टरांच्या तोंडून लगेच 'नाही' निघालं नाही. त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

५

शुक्रवारी सकाळी अहवालाचे तीन कागद व्यवस्थापकांच्या टेबलावर होते. बाहेर बाकावर विरजणबाई आणि काका दोन टोकांना बसले होते.

व्यवस्थापकांनी पहिली दोन पानं मान डोलावत वाचली. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंत? 'ही पद्धत सुरू करण्याचा तोंडी सल्ला प्रस्तुत अहवाल लिहिणाऱ्यानेच दिला. तो कधी थांबवायचा हे त्याने सांगितलं नाही, आणि तीन वर्षांत पुन्हा येऊन विचारलंही नाही.' डॉक्टर, तुम्हाला वेड लागलंय का? पुढच्या महिन्यात तुमची निवृत्ती आहे. चौकशी लागेल, परवाना जाईल, आयुष्यभराच्या नोकरीवर पाणी पडेल. काकांचं नाव टाका. ते तयार आहेत, मघाशीच मला सांगून गेले."

"तयार आहेत, म्हणून तर टाकता येत नाही."

"ऐकलंय कोणी तुम्हाला बोलताना? पुरावा काय?"

मोह काल दुपारपासून डॉक्टरांच्या मानगुटीवर बसला होता. रात्री त्यांनी तिसरं पान दोनदा फाडलं होतं. एकदा त्यावर नुसतं 'नैसर्गिक कारण' एवढंच लिहून पाहिलं होतं, आणि ते दिसायला फार सुरेख दिसलं होतं.

"पुरावा काका आहेत," ते म्हणाले. "मी सांगितलेलं जगात एकाच माणसाने अक्षरशः पाळलं. त्यालाच खोटं पाडू?"

व्यवस्थापकांनी तिसरं पान पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी कागद जुळवले आणि फायलीत घातले. विरजणबाईंवर दोष नाही, हे वाक्य पहिल्याच पानावर होतं. ते काही आता कोणाला खोडता येणार नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि ते बरंच झालं. "मीही एकच जात वाढवत राहिले, सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामाला चार जाती ठेवते. एक पडली तर तिघी उभ्या राहतील." मग आईला जेवायला वाढायचं आहे म्हणून त्या निघाल्या, आणि जाता जाता स्वतःही जेवेन म्हणाल्या.

काका बाकावरच होते. मांडीवर ती बरणी होती. आतून बाहेरून उकळत्या पाण्याने धुतलेली, कोरडी, उपडी धरलेली.

"संध्याकाळी नवा खड्डा भरायचाय, साहेब. भिजवायचं की नाही?"

"नाही. पाकीट फाडायचं, पाण्यात घालायचं, लगेच मारायचं. उरलं तर ओतून द्यायचं. पंप रोज उकळत्या पाण्याने..."

काकांनी हात वर केला. इतक्या वर्षांत त्यांनी डॉक्टरांना मधेच थांबवलं नव्हतं.

"असं तोंडी नको," ते म्हणाले. "लिहून द्या."

डॉक्टरांनी वहीचं पान फाडलं, बाकावर बसले आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत एकेक ओळ लिहिली. काकांनी ते पान घेतलं. ओठ हलवत, बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं आणि परत डॉक्टरांसमोर धरलं.

"हे किती दिवस करायचं," ते म्हणाले, "तेही लिहा."